चढ घाटाचा आणि चढ रेषेचा

निपाणी सोडून गाडी संकेश्वरच्या वाटेला लागली की थोड्याच वेळात तवंदीचा घाट येतो. या वाटेने लहानपणापासून ये-जा करणाऱ्या माझ्या भाच्याला गृहपाठात प्रश्न आला होता : निपाणीहून निघालेल्या बसने कापलेले अंतर आणि त्यास लागलेला वेळ यांचा आलेख काढा. त्याने मोठ्या हौसेने रेषा काढली. आधी आडवी, घाट आला म्हणून एकदम चढलेली, आणि माथ्यावर पुन्हा आडवी. रस्ता हुबेहूब उतरला होता; आलेख मात्र साफ चुकला होता.

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमच्या सीमाभागातील घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तके नांदतात, आणि कन्नड पाठ्यपुस्तकांत आलेखाला 'नक्षे' म्हणतात. असा शब्द कानी पडल्यावर मुलाच्या डोळ्यांपुढे ओढा, वळण आणि घाट उभा राहिला तर नवल ते काय? परंतु आलेखात आडव्या अक्षावर घड्याळ असते आणि उभ्या अक्षावर मैलाचे दगड. डोंगराला तेथे जागाच नसते.

मी विचारले, "घाटात गाडी कशी जाते रे?"

"हळू, मामा."

"मग दहा मिनिटांत अंतर किती तुटेल?"

"कमीच."

एवढे बोलून तो थबकला. मग त्याने घाटाच्या जागी रेषेचा चढ कमी केला आणि चकित होऊन माझ्याकडे पाहिले. रस्ता जेथे चढतो, तेथेच आलेखातील रेषा कलंडते. आणि गाडी स्थानकात उभी राहिली की ती अगदी आडवी होते, कारण वेळ जातो, अंतर वाढत नाही!

रेषा सरळ असणे म्हणजे समान काळात समान भर पडणे. भर किती, ते तिचा चढ सांगतो. ताशी ६० किलोमीटरची रेषा ताशी ४० च्या रेषेहून अधिक उभी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सन ११५०) जे त्रैराशिक आहे, ते कागदावर मांडले तर शून्यातून निघणारी सरळ रेषाच मिळते. पण रिक्षाचे भाडे शून्यातून निघत नाही. बसताक्षणीच किमान भाडे लागू होते, म्हणून ती रेषा थोडी वरून सुरू होते.

भाच्याला समजले, तरी माझे मन वडिलांच्या कर्जाकडे वळले. तंबाखूच्या एका हंगामाआधी त्यांनी सावकाराकडून पैसे घेतले होते. व्याज चक्रवाढ होते. वडिलांनी पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून पुढचा हिशेब मनाशी बांधला. तो का फसला, हे त्या दिवशी मी आलेखाच्या कागदावर मांडून पाहिले. १,००० रुपये, दर साल दर शेकडा १२ रुपये. सरळ व्याजाने दोन वर्षांनी १,२४० होतात, चक्रवाढीने १,२५४ रुपये ४० पैसे. एका सेंटिमीटरला १०० रुपये धरले तर ही तफावत दीड मिलिमीटरही भरत नाही. पेन्सिलीचे टोक जरा बोथट असले तर ती दिसायचीही नाही. दहा वर्षांनी मात्र एकीकडे २,२०० आणि दुसरीकडे ३,१०६ रुपये, म्हणजे कागदावर नऊ सेंटिमीटरांची दरी. वक्ररेषेचा आरंभीचा तुकडा सरळच भासतो, आणि वडिलांनी त्यावर पट्टी ठेवून ती पुढे ओढली होती.

भाचा बराच वेळ ते पाहत होता. "पण मामा, कुठल्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच ना? मग आजोबांना कळणार तरी कसे?"

मी त्याला तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षाचे बिंदू काढायला सांगितले. पट्टी बाजूला ठेवून तो कामाला लागला.