थांबणारा माग आणि धावणारी मोटार

वर्षानुवर्षे बिनतक्रार धावणारी मोटार म्हणून टोयोटाचा लौकिक आहे. त्या लौकिकाचे मूळ मात्र एका थांबणाऱ्या यंत्रात सापडते. जपानातील साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. १९२४ साली त्याने सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप बंद पडे. सदोष कापड निघण्यापेक्षा काम थांबलेले बरे, हे त्यातील तत्त्व होय. पुत्र किइचिरो याने १९३७ साली मोटारींची कंपनी स्थापन केली. दोष दिसताच कोणाही कामगाराने दोरी ओढून काम थांबवावे, असा प्रघात तिच्या कारखान्यांत पुढे पडला.

तरीही १९५८ साली अमेरिकेत विक्रीस गेलेल्या ‘क्राउन’ची तेथील हमरस्त्यांवर दमछाक झाली व थोड्याच वर्षांत ती मागे घ्यावी लागली. जम बसला तो पुढे, १९६६ च्या ‘कोरोला’सारख्या गाड्यांनी. आपल्याकडे २००५ साली ‘इनोव्हा’ आली. सकाळी चावी फिरवताच गाडी सुरू व्हावी व भाडे चुकू नये, एवढीच भाडोत्री गाडीवाल्याची अपेक्षा. ती पुरी झाली, म्हणूनच या गाडीला त्याने आपले म्हटले.

परंतु २००९-१० साली ॲक्सिलरेटरच्या दोषांपायी लाखो मोटारी परत बोलवाव्या लागल्या. आपली वाढ फार वेगाने झाली असावी, अशी कबुली साकिचीचे पणतू आकिओ यांस अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे द्यावी लागली. पणजोबांचा माग हेच सांगत होता: धागा तुटताच थांबावे.