शस्त्रक्रिया-धूर, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील

विद्युत् प्रवाह, लेसर किरण किंवा श्राव्यातीत कंपने यांच्या साहाय्याने ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) कापताना अथवा रक्तस्राव थांबविताना जे वायू, बाष्प व सूक्ष्मकण निर्माण होतात, त्यांच्या मिश्रणास शस्त्रक्रिया-धूर म्हणतात. उदराच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो प्रथम बंद पोकळीत साठतो व मागाहून शस्त्रक्रियागृहात सुटतो. म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

विद्युत् शस्त्राचा वापर बोस्टन येथे बोव्ही व कुशिंग यांनी १९२६ मध्ये सुरू केला. त्याचा जळकट वास शस्त्रक्रियागृहातील मंडळींच्या इतका अंगवळणी पडला की, त्यात काही अपाय असेल अशी शंका फार उशिरा आली.

या शस्त्रक्रियेत कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून उदरपोकळी फुगवितात. वायूचा दाब सामान्यतः १२ ते १५ मिमी. पारा एवढा ठेवतात. पोकळीत ऑक्सिजन जवळजवळ नसल्याने ऊतकाचे ज्वलन अपुरे होते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हत्यारे बदलताना, कापलेला भाग बाहेर काढताना किंवा दृश्य स्पष्ट व्हावे म्हणून नळीची तोटी उघडताच हा दाबाखालील धूर झोताने बाहेर येतो. शस्त्रवैद्य व परिचारिका यांचे चेहरे तेव्हा अगदी जवळ असतात. रुग्णाचा या धुराशी संबंध एकदाच येतो, कर्मचाऱ्यांचा मात्र वर्षानुवर्षे.

धुराचा सु. ९५% भाग पाण्याची वाफ असते. उरलेल्या भागात बेंझीन, टोल्यूइन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड इ. द्रव्ये व कोशिकांचे अवशेष आढळतात. विद्युत् शस्त्रापासून निघणाऱ्या कणांचा सरासरी व्यास सु. ०·०७ मायक्रोमीटर असतो. एवढे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जपानमध्ये १९८१ साली झालेल्या प्रयोगात १ ग्रॅ. ऊतक विद्युत् शस्त्राने जाळले असता ६ सिगारेटींच्या धुराइतकी उत्परिवर्तनकारक द्रव्ये मिळाली. डोळ्यांची आग, डोकेदुखी व खोकला या तक्रारी नेहमीच्याच आहेत.

संसर्गाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चामखिळीच्या (पॅपिलोमा) विषाणूचे डीएनए लेसरच्या धुरात असल्याचे १९८८ मध्ये दिसून आले. लेसरने अशा गाठी काढणाऱ्या एका शस्त्रवैद्याच्या स्वरयंत्रात तशाच गाठी झाल्याची नोंद १९९१ ची आहे. कोरियात २०१६ साली, यकृतशोथ-बी विषाणूग्रस्त ११ रुग्णांपैकी १० जणांच्या शस्त्रक्रियेतील धुरात हा विषाणू आढळला. तथापि विषाणूचा अंश सापडणे म्हणजे रोग जडणे नव्हे. २०२० मधील कोविड साथीच्या आरंभी याच भीतीने काही ठिकाणी दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. पुढे गाळणीयुक्त साधने वापरून त्या चालू ठेवाव्यात, असे मत प्रबळ झाले.

नेहमीचा कापडी वा कागदी मुखपट्टा हे सूक्ष्मकण अडवीत नाही; एन-९५ मुखपट्टा बराच उपयोगी पडतो. खरा उपाय म्हणजे धूर उगमापाशीच शोषून अतिसूक्ष्म गाळणीतून सोडणे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ही गाळणी उदरातील नळीलाच जोडता येते. शस्त्रक्रिया संपल्यावर प्रथम तिच्यातून सर्व वायू काढून घेतात व त्यानंतरच नळ्या उपसतात.