कार्तिएला वाचवणारे झाड

फेब्रुवारी १५३६. आजच्या कॅनडातील क्वेबेक शहराजवळ तीन फ्रेंच गलबते बर्फात अडकून पडली होती. त्यांवरील सुमारे ११० माणसांपैकी धडधाकट अशी दहाही उरली नव्हती. पाय सुजून काळेनिळे पडत होते, हिरड्या कुजून दात गळत होते. हा कोणता आजार, हेच कोणाला कळत नव्हते.

मोहिमेचा प्रमुख होता झाक कार्तिए. फ्रान्समधील सां-मालो या बंदरात १४९१ साली जन्मलेला हा कसलेला दर्यावर्दी. राजा पहिला फ्रान्स्वा याला सोने आणि आशियाकडे जाणारा पश्चिमेचा जलमार्ग हवा होता. १५३४ च्या पहिल्या सफरीत कार्तिएने गास्पे येथे राजाच्या नावाने क्रूस उभारला. परतताना स्थानिक प्रमुख डोनाकोना याच्या दोन मुलांना तो फ्रान्सला घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्यांनाच वाटाडे करून तो सेंट लॉरेन्स नदीतून डोनाकोनाच्या स्टाडाकोना या गावी पोहोचला. तिथल्या भाषेत गावाला ‘कानाता’ म्हणत. ‘कॅनडा’ हे नाव त्यावरूनच आले.

नोव्हेंबरच्या मध्यापासून नदी गोठली आणि डिसेंबरात आजार सुरू झाला. तो होता स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाची कमतरता. त्वचा, हिरड्या आणि रक्तवाहिन्या घट्ट धरून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन नीट तयार होण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. बहुतेक प्राणी ते स्वतःच्या शरीरात बनवतात. माणसाला ते अन्नातूनच मिळवावे लागते. ताजी फळे, भाज्या बंद झाल्या, की शरीरातला साठा काही महिन्यांतच संपतो. मग जखमा भरत नाहीत आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते.

कारण शोधण्यासाठी कार्तिएने २२ वर्षांच्या एका मृत खलाशाचे शवविच्छेदनही करवले. पण उपाय सापडला नाही. आपली दुर्बलता गावकऱ्यांना कळू नये म्हणून तो आजारी माणसांना गलबतात ठोकाठोकी करायला लावी. बाहेरच्यांना वाटावे, आत कामे जोरात चालली आहेत.

अशात त्याला डोनाकोनाचा मुलगा डोमागाया दिसला. दहा-बारा दिवसांपूर्वी गुडघा सुजून अंथरुणाला खिळलेला हा तरुण आता खुशाल चालत होता. नोकर आजारी असल्याचे सांगून कार्तिएने त्याला उपाय विचारला. डोमागायाने दोन स्त्रियांना पाठवून ‘आन्नेदा’ नावाच्या झाडाच्या नऊ-दहा फांद्या आणवल्या. साल आणि पाने उकळून तो काढा दिवसाआड प्यायचा आणि चोथा सुजलेल्या पायांवर बांधायचा, हेही दाखवले. आधी कोणी प्यायला धजेना. एक-दोघांना गुण आला आणि मग झुंबड उडाली. आठवडाभरात एक मोठे झाड संपले. तोवर २५ जण दगावले होते, बाकीचे वाचले.

त्याची परतफेड विचित्र होती. मे १५३६ मध्ये कार्तिएने डोनाकोना, त्याची मुले यांच्यासह दहा जणांना पकडून फ्रान्सला नेले. १५४१ मध्ये तो पुन्हा आला, तेव्हा एक मुलगी वगळता सारे मरण पावले होते. त्याने गावकऱ्यांना सांगितले, की डोनाकोना वारला, पण बाकीचे तिकडे मजेत आहेत. या तिसऱ्या सफरीतून नेलेले ‘सोने’ आणि ‘हिरे’ साधे खनिज व स्फटिक निघाले. १५५७ मध्ये सां-मालो येथे त्याचा मृत्यू झाला.

झाडाची माहितीही हरवली. सतराव्या शतकाच्या प्रारंभी शाम्प्लँ हा फ्रेंच संशोधक तिथे आला, तेव्हा स्टाडाकोनाची वस्तीच नाहीशी झाली होती. १६०४-०५ च्या हिवाळ्यात त्याच्या तळावरील ७९ जणांपैकी ३५ जण स्कर्व्हीने दगावले. आन्नेदा म्हणजे पांढरा सीडर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण फरच्या एका जातीचे नाव घेतात.

युरोपात संत्री-लिंबांचा गुण जेम्स लिंडने १२ खलाशांवरील प्रयोगातून १७४७ मध्ये दाखवला. ब्रिटिश नौदलाने लिंबूरस नियमित देण्याचा निर्णय घेतला, तो १७९५ मध्ये. डोमागायाने फांद्या आणवून दिल्या, त्याला तेव्हा जवळजवळ २६० वर्षे झाली होती.