फेस आला म्हणून काच स्वच्छ होत नाही

दिवाळीच्या साफसफाईचे दिवस जवळ आले की एक कृती घरोघर फिरू लागते. फवाऱ्याच्या बाटलीत व्हिनेगर घ्या, त्यात चमचाभर खायचा सोडा घाला, फसफसलं की खिडकीवर मारा आणि पुसा. काचा लख्ख, तेही रसायनांशिवाय. मोबाइलवर ती येते, पुरवण्यांमध्ये छापली जाते, सोसायटीच्या गटावर पुढे पाठवली जाते, आणि दरवर्षी तितक्याच विश्वासाने. या कृतीतले दोन्ही पदार्थ खरोखर कामाचे आहेत. घोटाळा आहे तो त्यांना एकत्र करण्यात. एक आम्ल, दुसरा आम्लारिधर्मी. दोघं भेटले की एकमेकांना निकामी करतात. शाळेत शिकलेलं उदासिनीकरण ते हेच. तरीही ही कृती मागे हटत नाही, याचं एकमेव कारण म्हणजे तो फेस. काहीतरी जोरदार घडतंय असं डोळ्यांना दिसतं आणि मन तेवढ्यावर समाधान मानतं.

प्रत्यक्षात काय घडतं ते हिशेबाने पाहू. व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक ॲसिड. आपल्या अन्नविषयक नियमांनुसार कृत्रिम व्हिनेगरमध्ये ते किमान 3.75 टक्के असावं लागतं. बाजारातल्या बाटल्यांत सहसा 4 ते 5 टक्के असतं. 5 टक्क्यांचं 200 मिलिलिटर व्हिनेगर घेतलं तर त्यात सुमारे 10 ग्रॅम आम्ल आलं. ते पूर्ण संपवायला 14 ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे साधारण एक मोठा चमचा. कृतीत नेमका तेवढाच सांगितलेला असतो! फसफसणं थांबल्यावर बाटलीत उरतं पाणी आणि त्यात विरघळलेलं जवळजवळ 14 ग्रॅम सोडियम ॲसिटेट. हे एक मीठ आहे. ते पाण्याचे पांढरे डाग काढत नाही, तेलाचा चिकटा सोडवत नाही आणि काचेवर सुकलं की स्वतःचाच पांढुरका थर मागे ठेवतं. मग तो थर घालवायला काच पुन्हा साध्या पाण्याने पुसावी लागते, आणि त्या पुसण्याने जी चमक येते तिचं श्रेय फुकट जातं मिश्रणाला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: फेसाचे बुडबुडे मळ उचलून वर आणतात. एखाद्या अरुंद नळीत साचलेला सैल गाळ बुडबुड्यांनी थोडा हलू शकेल. पण खिडकीची काच उभी असते. तिच्यावर मारलेलं मिश्रण काही सेकंदांत ओघळून चौकटीत जातं, आणि त्याआधीच बहुतेक फेस बाटलीतच विरलेला असतो. साबणाचा फेस आणि हा फेस एकच असं समजणं ही मुळातली चूक आहे. साबणाचे रेणू एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतात, म्हणून तेल पाण्यासोबत निघून जातं. फेस हा तिथे केवळ सोबत येणारा परिणाम असतो. सोडा-व्हिनेगरचा फेस म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. दुसरा आक्षेप अनुभवाचा: ‘पण काच स्वच्छ झाली ना!’ झाली असेल. ओल्या फडक्याने जोर लावून घासल्यावर धूळ निघतेच. खात्री करायची असेल तर अर्ध्या काचेला ते मिश्रण आणि उरलेल्या अर्ध्याला नुसतं पाणी लावून सारखंच पुसून पाहावं. तिसरा आक्षेप जरा विचारपूर्वक केलेला असतो: सोडा कमी घातला तर आम्ल उरेलच की. अगदी बरोबर, उरेल आणि कामही करेल. पण मग काम व्हिनेगरने केलं; सोड्याने त्याची ताकद फक्त घटवली.

खरा प्रश्न कृतीचा नसून काचेवर नेमका कसला मळ आहे याचा आहे, आणि या सल्ल्यांमध्ये तेवढंच कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात बोअरवेलचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतलं जातं. असं पाणी कुंड्यांमधून किंवा गच्चीच्या टाकीतून काचेवर उडतं आणि सुकतं, तेव्हा पाणी जातं आणि क्षार राहतात. हेच ते हट्टी पांढरे ठिपके, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साबणाने ते हलत नाहीत. इथे व्हिनेगर हवं, आणि तेही सोड्याविना. आम्ल त्या कार्बोनेटचं रूपांतर पाण्यात विरघळणाऱ्या ॲसिटेटमध्ये करतं. अट एकच, त्याला वेळ द्यायला हवा. फवारून लगेच पुसलं तर काही होत नाही. फडकं किंवा कागदी रुमाल व्हिनेगरमध्ये भिजवून डागावर पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवावा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करावं.

स्वयंपाकघराच्या खिडकीचं दुखणं वेगळं. तिथे फोडणीच्या वाफेतलं तेल काचेवर बसतं, त्यावर धूळ बसते आणि दोन्हींचा मिळून चिकटा होतो. व्हिनेगर तेल विरघळवत नाही. इथे कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब बाकी सगळ्या कृतींपेक्षा सरस ठरतात. रिठ्याचं पाणीही चालतं, कारण रिठ्यात सॅपोनिन असतं आणि ते साबणासारखंच वागतं. घरगुती आणि नैसर्गिक उपाय हवाच असेल तर हा खरा आहे. खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट जाड थरावर हलक्या हाताने घासायला उपयोगी पडते. तो काचेपेक्षा बराच मऊ असल्याने साध्या काचेवर चरे पडत नाहीत, मात्र सूर्यप्रकाश रोखणारी फिल्म लावलेली असेल तर घासणं टाळावं. दोन्ही प्रकारचे डाग एकाच काचेवर असतील तर आधी साबण, मग पाणी, मग व्हिनेगर, मग पुन्हा पाणी. एकामागून एक, एकत्र नाही. आणि काही डाग यापैकी कशानेही जाणार नाहीत. बांधकामाच्या वेळी सिमेंटचं पाणी ओघळून बराच काळ तसंच राहिलं असेल, तर त्यातल्या अल्कलीने काचेचा पृष्ठभागच खाल्लेला असतो. तो मळ नाही, काचेला झालेली इजा आहे. तिथे कोणतीही घरगुती युक्ती सांगणं म्हणजे लोकांचे श्रम वाया घालवणं.

‘उपयोग नसेल झाला तरी अपाय तर नाही ना, नैसर्गिकच आहे’ हा शेवटचा बचाव सगळ्यांत जास्त तपासायला हवा. खायचा सोडा कारखान्यात बनतो. गुजरातमधल्या मिठापूरला 1939 पासून उभा असलेला सोड्याचा उद्योग मीठ आणि चुनखडीवर चालतो. स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं स्पष्ट छापलेलं असतं. यात वाईट काहीच नाही, पण ‘रसायनांशिवाय’ हा दावा खोटा आहे. अपाय म्हणाल तर वर हिशेब केलेल्या त्या 200 मिलिलिटर मिश्रणातून सुमारे चार लिटर वायू निघतो. तो झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत कोंडला तर बाटली फुटू शकते. व्हिनेगर ओघळून खाली येतं तिथे खिडकीचा कट्टा संगमरवराचा, शहाबादी किंवा कडप्पाचा असेल तर त्याचीही झिलई जाते, कारण हे तिन्ही दगड मूलतः कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. जे आम्ल पांढरा डाग खातं तेच कट्टाही खातं. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर व्हिनेगर साचू देऊ नये, आणि धुण्याचा सोडा तर तिथे वापरूच नये, कारण तो खायच्या सोड्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो आणि ॲल्युमिनियमवर हल्ला करतो.

बाकीचे समज लवकर आटोपतील. वर्तमानपत्राच्या शाईत काच चमकवणारं काही नसतं. कागद पाणी शोषतो आणि धागे सोडत नाही म्हणून तो बरा, पण पांढऱ्या चौकटीवर काळे ओघळ येतात, तेव्हा मायक्रोफायबरचं फडकं चांगलं. लिंबाच्या रसात आम्ल असतं, तशी साखर आणि गरही असतो, त्यामुळे काच चिकट होते. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून वापरलं तर तो त्रास नाही. भर उन्हात काच पुसली तर ती छान वाळते हे उलट आहे, पाणी पुसण्याआधीच सुकून पट्टे उठतात. राखेत बारीक कठीण कण असू शकतात, त्यांनी चरे पडतात. साबण दुप्पट घातल्याने चमक दुप्पट होत नाही, दुप्पट धुवावं लागतं. बाजारातल्या द्रवाचा निळा रंग हा नुसता रंग आहे, सफाई त्यातलं विद्रावक आणि साबणासारखे घटक करतात.

एक गोष्ट मात्र धोक्याची म्हणून वेगळी सांगायला हवी. दोन वस्तू मिसळल्या की ताकद वाढते ही समजूत एकदा मनात बसली, की उद्या कुणीतरी व्हिनेगरमध्ये ब्लीच ओततं. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात किंवा लहान स्वयंपाकघरात तो फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतो. म्हणून घरी भरलेल्या प्रत्येक बाटलीवर आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहा, घरकामाला येणाऱ्या ताईंनाही ते वाचून दाखवा, आणि सफाईच्या कोणत्याही दोन बाटल्या एकमेकींत ओतू नका.