भांड्याची दोन घरे आणि निराधारचा अर्ज

रविवारी वंदना झाली की आम्ही विहारातच लोकांचे अर्ज भरून द्यायला बसतो. परवा एक विधवा भगिनी आली. दोन घरची भांडी, रोजचे दीड-दोन तास काम, महिन्याला दोन हजार. शेजारणीने तिला पढवले होते, "काम करते म्हणून सांगूच नको."

संजय गांधी निराधार योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. म्हणजे महिना १,७५०. हिचे होतात २४,०००. २०२३ साली अनुदान हजाराचे दीड हजार केले, उत्पन्नाची अट मात्र तशीच ठेवली. अडीचशे जास्त कमावले म्हणून दीड हजार गमवायचे! असला हिशेब कोणत्या कारकुनाने मांडला? (आम्हीही कारकूनच.) त्याच सरकारने २०२४ साली लाडक्या बहिणीसाठी मर्यादा ठेवली अडीच लाखांची, रक्कम तीच, दीड हजार.

खोटे मात्र आम्ही लिहू दिले नाही. तपासणीत उघडे पडले तर अनुदान बंद, वर वसुली. आधी यादी पाहू म्हटले. नगरपालिकेच्या जुन्या यादीत तिच्या मयत नवऱ्याचे नाव निघाले!

आता मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा घेऊन, सकाळची भांडी उरकली की तिला तहसील कचेरीत न्यायचे आहे.