सामाईक सातबारा

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा नगरसेवक आणि प्राणहितेच्या काठावरच्या सिरोंचाचा नगरसेवक यांनी एकमेकांना ओळखावं, असं एरवी काही कारण नाही. एकाच्या दारात कापूस-सोयाबीन, दुसऱ्याच्या दारातून पलीकडचा तेलंगण दिसतो. तरीही सहा वर्षांतून एकदा दोघं एकाच उमेदवाराचे मतदार होतात. त्यांच्या मतदारसंघाचं नाव वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली, आणि त्यातून निवडून जायचं ते विधान परिषदेत.

परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघांची यादी अशा जोडनावांनी भरलेली आहे. परभणी-हिंगोली, धुळे-नंदुरबार, भंडारा-गोंदिया, अकोला-वाशिम-बुलढाणा, रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या मांडतात, मध्ये बांध घालतात. पण सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं वर्षानुवर्षं सामाईकच राहतात. विधान परिषदेचा नकाशा हा महाराष्ट्राचा तसा सामाईक सातबारा आहे. खाली राज्य कितीदा वाटलं गेलं, वाढलं, शहरात गेलं. वरचा उतारा मात्र जुन्याच घराचा.

एकशे आठातून अठ्ठ्याहत्तर

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची परंपरा १८६२ पासूनची. नाना शंकरशेट त्यात नियुक्त सभासद होते. पुढे टिळक, गोखले तिथे निवडून गेले. पण तेव्हा सभागृह एकच होतं. दोन सभागृहं आली ती १९३५ च्या कायद्यानं, १९३७ मध्ये. त्या वेळच्या परिषदेत जेमतेम २९-३० जागा होत्या. त्यांतल्या २० सर्वसाधारण, ५ मुस्लिम, १ युरोपियन आणि उरलेल्या गव्हर्नरनं नेमायच्या. मंगळदास पक्वासा हे पहिले सभापती.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या परिषदेची संख्या ७२ झाली आणि १९५६ च्या द्वैभाषिकानंतर १०८. या वाढीतली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. निजामाच्या हैदराबादेतून आलेला मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ या दोघांनाही वरिष्ठ सभागृहाची ओळख नव्हती. त्यांच्या जुन्या राज्यांत एकच सभागृह चालत असे. म्हणजे परिषद ही या भागांसाठी मुंबईकडून आलेली नवी सोयरीक होती.

१ मे १९६० ला राज्य दुभंगलं. गुजरातनं वरिष्ठ सभागृह घेतलंच नाही. महाराष्ट्रानं ठेवलं, ७८ जागांचं. त्यांतले ३० सदस्य आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जण राज्यपाल नेमतात. घटनेच्या कलम १७१ मध्ये विधानसभा आणि स्थानिक संस्था यांना सारखाच, सुमारे एक-तृतीयांश वाटा सांगितला आहे. पण ‘संसद कायद्यानं वेगळं ठरवेपर्यंत’ अशी पाचरही तिथेच मारून ठेवली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या परिशिष्टात महाराष्ट्रासमोर सव्वीस-सव्वीस नव्हे, तर बावीस-तीस असे आकडे पडले. आमदारांचं पारडं जड झालं ते असं.

दहा नवे जिल्हे, एकही नवी जागा नाही

परिषदेची सदस्यसंख्या विधानसभेच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त असू नये, ही घटनेची मर्यादा. विधानसभा २६४ वरून २७० आणि १९७८ पासून २८८ झाली. त्या हिशेबानं परिषद ९६ पर्यंत जाऊ शकते. ती ७८ वरच आहे.

राज्य स्थापन झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना निघाला. १९८२ मध्ये उस्मानाबादचा लातूर आणि चंद्रपूरचा गडचिरोली झाला. १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशिम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर. हे दहा जिल्हे आणि बावीस मतदारसंघांची यादी शेजारी ठेवून बोट फिरवावं. दहापैकी एकालाही परिषदेत स्वतःची जागा मिळालेली नाही. प्रत्येक जण आपल्या मूळ घराच्या नावाला चिकटून आहे. जिल्हाधिकारी कार्यालय वेगळं झालं, पालकमंत्री वेगळा झाला, बहुतेकांची जिल्हा परिषदही वेगळी झाली. आमदारकी सामाईक राहिली.

विधानसभेचे मतदारसंघ परिसीमन आयोग नव्यानं आखतो. २००८ च्या फेररचनेत कित्येक जुने गड नकाशावरून पुसले गेले. परिषदेला तो आयोग लागू नाही. तिचे मतदारसंघ राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतात आणि तो उतारा सहसा कुणी काढत नाही. अलीकडे औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नावं बदलली, बांध तेच राहिले.

शहरांच्या बाबतीत ही विसंगती जास्त टोचते. १९६० मध्ये राज्यात महापालिका तीनच: मुंबई, पुणे, नागपूर. आज त्या २९ आहेत. ठाणे मतदारसंघात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर आणि पालघरची वसई-विरार अशा सात महापालिका येतात. शिवाय दोन जिल्हा परिषदा. या सगळ्यांचा मिळून परिषदेत एक आमदार. शेजारच्या मुंबईत महापालिका एक आणि आमदार दोन.

५२४ मतं आणि सव्वा लाख मतं

याच सभागृहात दोन आमदार शेजारी बसतात आणि त्यांच्यामागची माणसं मोजली तर चक्कर येते. २०१९ मध्ये औरंगाबाद-जालन्यातून अंबादास दानवे ५२४ मतं घेऊन निवडून आले, आणि तो मोठा विजय होता. पुढच्याच वर्षी पुणे पदवीधरमधून अरुण लाड यांनी सव्वा लाखाच्या घरात मतं मिळवली. पुणे पदवीधर म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. विधानसभेचे ५८ मतदारसंघ एका आमदाराच्या पदरात.

पदवीधर-शिक्षकांच्या सात मतदारसंघांची वाटणी महसूल विभागांवर बेतलेली आहे. विभाग सहा, मतदारसंघ सात, कारण मुंबई कोकणातून वेगळी काढली आहे. इथला मतदार आपोआप यादीत येत नाही. दर निवडणुकीला यादी कोऱ्या कागदापासून सुरू होते. मागच्या खेपेला मत दिलं म्हणून या खेपेला नाव असेलच असं नाही; पदवीधरानं पुन्हा नमुना अठरा भरायचा, शिक्षकानं एकोणीस. त्यामुळे इथली निवडणूक मतदानाच्या दिवशी नव्हे, नोंदणीच्या महिन्यात जिंकली जाते, हे संघटना चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शिक्षक मतदारसंघात मत माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांनाच. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत हजेरीपासून जनगणनेपर्यंत सगळं ओढणारे गुरुजी त्यात नाहीत. मतपत्रिकेवर फुली नसते; निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं पसंतीचे आकडे लिहायचे. टिकमार्क केली की मत बाद, मग मतदार पीएच. डी. का असेना.

या दारांनी आलेल्या माणसांनी सभागृहाला उंची दिली हेही खरं. पुण्याच्या पदवीधरांनी ग. प्र. प्रधानांना अठरा वर्षं तिथे ठेवलं. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर नियुक्त सदस्य होते. नियुक्तीच्या निकषांत राज्यसभेला नसलेलं एक क्षेत्र राज्यांच्या परिषदांना आहे, ते सहकार चळवळीचं. महाराष्ट्राला याहून चपखल काय हवं? १९६० पासून अठरा वर्षं सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या प्रयोगातून रोजगार हमी योजनेची कल्पना उभी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

पण त्याच दारांनी ‘पुनर्वसन’ही होतं. हरलेल्याला, रुसलेल्याला, थोपवायच्या माणसाला परिषद. मुख्यमंत्री झाल्यावर सभागृह शोधणाऱ्यालाही परिषद: २०११ मध्ये पृथ्वीराज चव्हाण, २०२० मध्ये उद्धव ठाकरे. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीआधी नगरसेवकांच्या ‘सहली’ निघतात, हे जिल्ह्याजिल्ह्यातलं उघड गुपित. आणि २० जून २०२२ ला आमदारांच्या मतांवरच्या दहा जागांचा निकाल लागत असतानाच एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले होते. ज्या सभागृहाला लोक दुय्यम म्हणतात, त्याच्या मतपेटीतून सरकार पडण्याची पहिली चाहूल आली.

पड

परिषद कधी विसर्जित होत नाही; दर दोन वर्षांनी तिच्या एक-तृतीयांश सदस्यांची मुदत संपते आणि नवे येतात, अशी तिची रीत. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत ही रीत मोडली, आणि तीही परिषदेच्या चुकीनं नव्हे.

इतर मागासवर्गीय आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला. महापालिका, जिल्हा परिषदा, नगर परिषदा मुदत संपून प्रशासकांच्या हाती गेल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रशासकाला परिषदेचं मत नसतं. निवडणूक आयोगाचा दंडक असा की, मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था चालू आणि ७५ टक्के मतदार जागेवर असल्याशिवाय मतदान घेता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सहा जागा कशाबशा भरल्या गेल्या. सोलापूर आणि अहमदनगर तेव्हाच मागे राहिले. मग २०२२ मध्ये ठाणे, पुणे, जळगाव, नांदेड, यवतमाळ, सातारा-सांगली, भंडारा-गोंदिया. २०२४ मध्ये नाशिक, रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग, अमरावती यांच्यासह आणखी सहा. ऑगस्ट २०२५ अखेर दानवेंची मुदत संपली, तेव्हा बावीसपैकी सोळा जागा मुदत संपून रिकाम्या झाल्या होत्या. ते विरोधी पक्षनेते असल्यानं ते पदही रिकामं झालं.

त्याच काळात राज्यपालनियुक्त बारा जागा जून २०२० पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत कोऱ्या होत्या. एका सरकारनं पाठवलेली यादी राजभवनात पडून राहिली, दुसऱ्या सरकारनं ती मागे घेतली. २०२४ च्या पावसाळ्यात या दोन वर्गांतल्या मिळून २७ खुर्च्यांवर कुणी नव्हतं. अठ्ठ्याहत्तरांच्या घरातले सत्तावीस. कायदे होत राहिले, कुणाचं फारसं अडलं नाही. सातबाऱ्यावर पेरणी न झालेल्या तुकड्यापुढे ‘पड’ अशी नोंद असते. तशी नोंद या जागांपुढे बिनबोभाट होत गेली.

परिषद हवी की नको, हा वाद जुना आहे. पंजाब, पश्चिम बंगाल आणि तमिळनाडूनं आपली सभागृहं मोडली, आंध्रनं मोडून पुन्हा मांडली. देशात आज सहाच राज्यांत ती आहेत. पण या चार वर्षांनी वेगळीच गोष्ट दाखवली. वरिष्ठ म्हणवणारं सभागृह नगरपालिकेच्या वॉर्डावर उभं आहे. खालचा ओढा आटला तेव्हा वरची विहीर कोरडी पडली, आणि विहीर कोरडी आहे हे वरून कुणाला दिसलंही नाही, कारण पाणी भरायला तिथे कुणी जातच नव्हतं.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक निवडणुकांसाठी जानेवारी २०२६ अखेरची मुदत दिली. तेव्हा जिल्ह्यांच्या वाटणीची, सात महापालिकांना एक आमदार पुरतो का याची चर्चा कुणी करेल असं दिसत नव्हतं. त्यासाठी संसदेत आणि राष्ट्रपती भवनात फेरफार मांडावा लागेल. त्या घडीला एवढंच व्हायचं होतं: आर्वीतल्या एखाद्या वॉर्डात रस्त्या-गटारांच्या मुद्द्यावर कुणीतरी नगरसेवक व्हायला हवा होता. त्याच्या आणि सिरोंचातल्या अनोळखी सहहिस्सेदाराच्या हातात तो जांभळा पेन पुन्हा आला, तरच वरच्या सभागृहातली एक खुर्ची भरणार होती.