टूलबॉक्स उघडला नाही, त्या रात्री

आज कॉलेज सुटल्यावर एक काम करा. घरी जाताना जो पहिला ट्रक उभा दिसेल, त्याच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे लटकलेली पत्र्याची पेटी बघा. तो टूलबॉक्स. त्याच्या दारावर एक तर बाहेर आलेली कडी आणि तिला कुलूप असेल, नाहीतर पत्र्यात खोल बसवलेली तळहाताएवढी वाटी दिसेल आणि त्या वाटीत एक चपटी मूठ. मुठीखाली बोटं घालून ओढलं की दार उघडतं. सोडली की मूठ पुन्हा पत्र्याच्या पातळीत जाऊन बसते, बाहेर काहीच डोकावत नाही. याला फ्लश हँडल म्हणतात.

हो, अख्खा लेख त्याच्यावरच आहे. मीटिंगमध्ये मी हा विषय सांगितला तेव्हा तिथंही हसले सगळे.

तुम्ही बीड-पुणे ट्रॅव्हल्सने जात असाल तर हे हँडल तुमच्या ओळखीचं आहे. बॅगा टाकायच्या डिकीला तेच असतं. चार वर्षांपूर्वी अ‍ॅडमिशनसाठी मी पुण्याला निघाले होते. जुलै महिना, जामखेड ओलांडलं आणि पाऊस जो लागला तो थांबेचना. सकाळी उतरून बॅग घेतली तर खालून पाणी गळत होतं. आतल्या फाइलमध्ये बारावीची मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, सगळं ओरिजिनल. क्लीनरने डिकीच्या दारावरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, रबर गेलंय त्याचं." मैत्रिणीच्या रूमवर पंख्याखाली कागद वाळवत बसले होते, तेव्हाच पहिल्यांदा डोक्यात आलं की दाराला कुलूप लागणं आणि दार बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हे हँडल आत का दडवायचं? एक कारण चोर. बाहेर लटकणाऱ्या कुलपात टॉमी अडकवायला जागा मिळते. एक झटका दिला की कडीच उपटून हातात येते, कुलूप कितीही महागाचं असो. रात्री ढाब्यावर गाड्या लावून ड्रायव्हर झोपले की बॅटरी, जॅक, डिझेल यांच्यावरच डोळा असतो, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. पत्र्यात सपाट बसलेल्या मुठीला टॉमी लावायची कुठं? दुसरं कारण रस्ता. अरुंद रस्त्यावर दोन गाड्या घासून जातात, बाभळीच्या फांद्या पत्र्यावरून खरडत जातात, शेजारून बाईकवाला कट मारतो. बाहेर आलेली प्रत्येक वस्तू कशात तरी अडकते, आणि कधी कधी ते 'कशात तरी' म्हणजे माणसाची बाही असते.

कारवाल्यांकडे हेच हँडल फॅशन म्हणून आलं. एक्सयूव्ही ७०० किंवा टाटा कर्वच्या रील्समध्ये हँडल दारातून बाहेर येताना तुम्ही पाहिलंच असेल. मात्र बऱ्याच गाड्यांत त्यामागे मोटर आणि वायरिंग असतं, आणि अपघातात करंट गेला तर दार बाहेरून उघडायचं कसं, हा प्रश्न उरतो. चीनने तर नियमच केला की १ जानेवारी २०२७ पासून नव्या कारच्या दारांना हाताने उघडणारी यांत्रिक सोय हवीच. ट्रकचं हँडल या भानगडीत पडत नाही. मूठ ओढली की आतली जीभ सरकते, बस्स. दार मोठं असेल तर मुठीला दोन सळया जोडलेल्या असतात, एक वर आणि एक खाली, म्हणजे दार दोन टोकांना पकडलं जातं. वायर नाही, बॅटरी नाही.

पण मोटर नसली तरी हवामान असतंच, आणि आपल्या जिल्ह्याचं हवामान कुलपाच्या जिवावर उठलेलं असतं. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तोवर शहरातल्या सिमेंटपासून साबणापर्यंत सगळं चाकांवर आलं, आणि अजूनही बहुतेक तसंच येतं. त्या गाड्या उन्हाळ्यात चाळीसच्या वरच्या पाऱ्यात उभ्या असतात. पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही. साधं रबर उन्हाने कडक होतं, त्याला भेगा पडतात. म्हणून चांगल्या हँडलच्या वाटीखाली आणि दाराच्या कडेला ईपीडीएम नावाच्या रबराची पट्टी लागते. ऊन आणि हवा ते बरंच जास्त सोसतं. मग धूळ. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्या पाहिल्या असतील तर सांगायला नको, ती पिठासारखी असते, दिसेल त्या फटीतून शिरते. चावीच्या भोकात ग्रीस किंवा जळकं ऑइल घातलं की ही धूळ त्याला चिकटते आणि आत लगदा होतो. आपल्याकडे मात्र कुलूप जाम झालं की पहिला उपाय ऑइलच. जाणकार लोक भोकात ग्राफाइटची कोरडी पूड घालतात.

तुमच्या फोनच्या खोक्यावर आयपी ६८ असं काहीतरी लिहिलेलं असतं ना? तीच मोजपट्टी या हँडलांनाही लावतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि कुठल्याही बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी बिघाड नाही. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. फक्त हा आकडा कंपनीत सपाट पत्र्यावर नीट बसवलेल्या हँडलचा असतो. पोचा पडलेल्या, वाकड्या दारावर त्याला काही अर्थ नाही.

आता मामाची गोष्ट सांगते. तिच्यामुळेच मी या विषयाला हात घातला.

माझा मामा एकोणीस वर्षं ट्रक चालवतोय. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे मराठवाड्यात नद्यांना पूर आले त्याच महिन्यात, तो सोलापूरहून सिमेंटची पोती घेऊन बीडला येत होता. मांजरसुंब्याच्या घाटात रात्री अडीचच्या सुमाराला मागचं टायर फुटलं. गाडी कशीबशी कडेला घेतली, पण अर्धी रस्त्यावरच. वळणाच्या जरा पुढं. पाऊस चालू. जॅक, पाना, लाल ट्रँगल, सगळं टूलबॉक्समध्ये.

"चावी फिरायली, पर मूठच उठंना," मामा सांगत होता. "पाच मिनटं वढलं. शेवटी बॅटरी मारून बघितलं तर वाटीत दगडावानी झालेलं."

ते काय होतं, कळलं का? सिमेंट. पोती भरताना-उतरवताना उडालेली भुकटी महिनोन्‌महिने त्या वाटीत साचत गेली होती. वाटीच्या तळाला पाणी जायला एक बारीक छिद्र असतं. ते कधीच बुजलं होतं. पावसाचं पाणी वाटीत थांबलं, आणि सिमेंटला पाणी मिळाल्यावर सिमेंट जे करतं ते त्याने केलं.

मामाचा क्लीनर एकोणीस वर्षांचा आहे, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वयाचा. ट्रँगल आतच अडकलेला, म्हणून तो मोबाइलचा टॉर्च लावून वळणाच्या मागे जाऊन उभा राहिला. मामाने रस्त्यावर दगड मांडले, झाडाच्या फांद्या तोडून टाकल्या, आपल्याकडची नेहमीची पद्धत. मग केबिनमधल्या हातोडीने मूठ फोडायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात एक टेम्पो वळणावरून इतक्या जोरात आला की क्लीनरला नालीत उडी मारावी लागली. टेम्पो ट्रकपासून दोन-तीन हातांवर थांबला. "त्या पोराच्या आईला काय तोंड दावलं असतं मी?" हे वाक्य मामाने मला तीनदा तरी ऐकवलं. पोराच्या हातातला मोबाइल नालीतल्या पाण्यात गेला तो गेलाच. मामाने नंतर नवा घेऊन दिला.

दुसऱ्या आठवड्यात मामा हायवेच्या कडेच्या एका बॉडीवाल्या मिस्त्रीकडे गेला, आणि मीही वही घेऊन गेले. मिस्त्रीला वाटलं मी विम्याची बाई. खरं काय ते कळल्यावर त्याने चहा मागवला आणि पत्र्याच्या डब्यातून पाच-सहा हँडलं काढून समोर मांडली. बरीचशी झिंकच्या ओतीव कामाची, वर क्रोम किंवा काळा रंग. काही लोखंडाची, वर झिंकचा मुलामा. एकच स्टेनलेस स्टीलचं. त्याने खिशातून चुंबक काढला, लोखंडाच्या हँडलला चिकटवून दाखवला, मग माझ्या हातात दिला. क्रोमच्या चमकणाऱ्या हँडलला तो चिकटला नाही. मी लगेच म्हणाले, हे स्टील! मिस्त्री हसला. चुंबक स्टेनलेसच्या चांगल्या जातीला जवळजवळ चिकटत नाही हे खरं, पण झिंकलाही चिकटत नाही. हातात घेऊन वाकवून बघायचं, कडेला ओरखडा काढून बघायचं. क्रोमचा पापुद्रा निघाला की खाली करडं झिंक दिसतं. झिंक वाईट असं नाही, कोरड्या भागात वर्षानुवर्षं चालतं. पण क्रोमला टवका उडाला आणि तिथं पाणी थांबलं की पांढरी पूड सुटायला लागते.

त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. हँडलच्या पाकिटात रबराची पट्टी येते, ती घाईत कोणी बसवतच नाही. "पत्रा कापायचा, वाटी ठोकायची, चार रिव्हेट मारायचे, झालं." कापलेल्या पत्र्याची उघडी कड रंगवतही नाहीत आणि गंज तिथूनच सुरू होतो. वाटी उलटी बसवलेल्या गाड्याही त्याने पाहिल्यात, म्हणजे पाणी जायचं छिद्र वर आणि पाणी खाली. आणि मग तोच ड्रायव्हर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून कुलपावर टोपीसारखा लटकवतो. हा तुकडा तुम्ही पेट्रोल पंपावर, दुकानाच्या शटरवर शंभरदा पाहिलाय. मला तरी हे आपलं सगळ्यात हुशार वेदरप्रूफिंग वाटतं. फुकट आहे आणि वर्षानुवर्षं टिकतं.

मिस्त्रीकडे एक ट्रक ऊसतोडीच्या हंगामासाठी दुरुस्तीला आला होता. त्याच्या मागच्या फाळक्याला दोन्ही बाजूंनी खिट्ट्या आणि साखळी. मी सहज विचारलं, हा आतून कसा उघडतो? मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. आतून उघडायचा प्रश्नच कुठं येतो, माल काय आतून दार उघडणार आहे?

पण दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातून त्या हौद्यात काय जातं, हे तुम्हाला माहीत आहे. वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतः त्यातून गेलेले असतील. भांडी, पेटी, बाजरीचं पोतं, शेळी, म्हातारी, लेकरं, आणि फाळका बाहेरून लावलेला. मालाच्या गाडीत माणसं न्यायची नाहीत हे कायदा सांगतो, आणि गाड्या दरवर्षी जातात. माझी एक वर्गमैत्रीण धारूर तालुक्यातली. सातवीपर्यंत ती आईवडिलांसोबत कारखान्यावर जायची. तिला भीती अपघाताची वाटायची नाही. "लघवीला लागली की केबिनच्या मागच्या पत्र्यावर ठोकायचं. इंजिनच्या आवाजात ड्रायव्हरला ऐकूच यायचं नाही. मग बायका निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत." मी वहीत लिहून घेत होते, तर ती म्हणाली, हे छापणार असशील तर माझं नाव नको, पण छाप.

अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून नव्या कारच्या डिकीत आतून उघडायची सोय सक्तीची आहे. तिथं बहुतेक गाड्यांत अंधारात चमकणारी छोटी मूठ असते, का तर लहान मुलं खेळता खेळता डिकीत अडकून मेली होती. दूध, आइस्क्रीम वाहणाऱ्या थंड गाड्यांच्या दाराला आतून ढकलायची दांडी देतात, कारण माल लावणारा आत राहू शकतो. म्हणजे सोय अवघड नाही, महागही नाही. आत माणूस आहे, हे आधी कोणीतरी धरून चालावं लागतं. फाळक्याची खिट्टी आतून निघेल असं करता येईल का, असं मी मिस्त्रीला विचारलं. त्याने एक सळई घेतली, फाळक्याच्या आतल्या बाजूने धरून बघितली, आणि म्हणाला, "होतंय की. पर कुणी सांगितलंच न्हाई आजवर."

मामाच्या टूलबॉक्सला त्या दिवशी स्टेनलेसचं हँडल बसलं. छिद्र खाली, रबराची पट्टी आत, कापलेल्या कडेला रंग. दर पंधरा दिवसांनी वाटी ब्रशने झाडायची, असं मामाने क्लीनरला बजावलं. तो म्हणाला, "मला नका सांगू, मी रोज झाडीन."

मग मिस्त्रीने एक कागद मागितला. दाराच्या फटीत कागदाची पट्टी ठेवायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर तिथं दाबत नाही, पाणी आत जाणार. चारही बाजूंनी हे करून बघायचं. ट्रॅव्हल्सच्या डिकीला तुम्हीही करून बघू शकता, क्लीनर थोडा चिडेल. माझ्या पर्समध्ये सहाव्या सेमिस्टरचं जुनं हॉल तिकीट होतं, तेच दिलं. तीन बाजूंना घट्ट. चौथ्या बाजूला, बिजागरीपाशी, अलगद निघून आलं. मिस्त्रीने काही न बोलता दार खोललं, बिजागरीचे बोल्ट ढिले करून दार दोरीभर आत घेतलं आणि पुन्हा लावलं. या वेळी मी ओढलं तर हॉल तिकीट फाटलं. माझा फोटो आतच राहिला.